एआयकडून ईसीजी वाचून घेताना: पट्टी काढण्यापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत

आमच्या सेंटरवर हल्ली दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली मोबाइल पुढे करून म्हणतात, "ॲप म्हणतंय अटॅक येऊन गेलाय, तुम्ही परत एकदा काढा." दुसरी येतच नाहीत, कारण ॲपने त्यांना 'नॉर्मल' सांगितलेलं असतं. मला काळजी दुसऱ्यांची जास्त.

मी पुण्यात २२ वर्षं ईसीजी काढतोय. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. त्यामुळे निदान कसं करावं हे सांगायच्या भानगडीत पडत नाही. पण एआयच्या हाती जाण्याआधी पट्टी कुठे बिघडते आणि उत्तर आल्यावर माणसं कुठे घसरतात, हे रोज पाहतो. एआय चुकलं असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्याला दिलेली पट्टीच चुकीची असते, नाहीतर विचारलेला प्रश्न. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर पुढच्या उत्तराला अर्थ उरत नाही.

टप्पा १: हे काम एआयचं आहे का, ते ठरवा

छाती भरून आल्यासारखी किंवा दाबल्यासारखी वाटतेय, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय, दरदरून घाम, धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही आत्ता चालू असेल तर मोबाइलचं काम एकच: १०८ लावणं. फोटो काढू नका, ॲप उघडू नका, घड्याळाला बोट लावून ३० सेकंद बसू नका.

मधुमेह असलेल्या काहींना आणि काही बायकांना छातीत कळ येतच नाही. नुसता थकवा, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जळजळ. घरात त्याला 'पित्त' म्हणतात, सोडा पाजतात आणि दोन तास जातात. हे दोन तास फार महागाचे. हॉस्पिटलात पोचल्यापासून १० मिनिटांत पहिला ईसीजी व्हावा, आणि बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडायची असेल तर ती ९० मिनिटांच्या आत उघडावी, असं डॉक्टर धरून चालतात. ती मिनिटं तुम्ही दारात पाऊल ठेवल्यावर सुरू होतात. घरी घालवलेला वेळ त्यात कुणीच मोजत नाही.

एक काम आजच करून ठेवा. घराजवळच्या दोन हॉस्पिटलांना फोन करून विचारा, "तुमची कॅथलॅब रात्रीही चालू असते का?" कॅथलॅब म्हणजे जिथे फुग्याने रक्तवाहिनी उघडतात ती खोली. पुण्यात हॉस्पिटलं भरपूर आहेत, पण प्रत्येकाकडे रात्री दोन वाजता कॅथलॅब असेलच असं नाही. पेठांत राहणाऱ्यांनी गणपतीच्या दहा दिवसांसाठी वेगळा रस्ता ठरवून ठेवावा. लक्ष्मी रस्ता बंद असताना तो शोधत बसणं परवडणारं नाही.

सावधान: जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय अनेक घरांत आहे. रक्तदाब आधीच उतरला असेल तर ती गोळी घात करते. ॲस्पिरिनचंही तसंच: द्यायची की नाही हे डॉक्टरांना फोनवर विचारा, चॅटबॉटला नाही.

त्रास आत्ता चालू नसेल तरच पुढे वाचा.

टप्पा २: प्रश्न काय आहे आणि त्याचं उत्तर कोणत्या तपासणीत आहे

पर्वतीवर रोज जाणारे एक काका. पूर्वी एका दमात चढायचे, आता मध्ये दोनदा थांबावं लागतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात ईसीजी काढला, 'साइनस ऱ्हिदम' (म्हणजे नेहमीची लय) आलं, आणि 'ब्लॉकेज नाही' असं घरी जाहीर करून टाकलं. घड्याळाला ब्लॉकेजचा प्रश्न विचारलेलाच नव्हता, आणि विचारला असता तरी त्याला उत्तर माहीत नव्हतं.

घड्याळ एकच लीड बघतं, म्हणजे दोन हातांमधली विजेची एक रेघ. त्यात लय कळते, ठोके अनियमित आहेत का ते कळतं. ॲपलच्या घड्याळात तर कंपनीनेच लिहिलंय की ते हार्ट अटॅक तपासत नाही. ते वाक्य वाचायला कुणी थांबत नाही इतकंच.

बारा लीडचा ईसीजी हृदयाची वीज बारा बाजूंनी बघतो, पण तोही फक्त त्या दहा सेकंदांपुरता. ठोका अधूनमधून चुकत असेल तर २४ तासांचा किंवा त्याहून जास्त काळाचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवलेला ईसीजी, लागतो. पंप किती जोरात चालतो आणि झडपा कशा आहेत हे टू-डी इकोत दिसतं. चढ चढताना रक्तपुरवठा कमी पडतो का, हा प्रश्न स्ट्रेस टेस्टचा. रक्तवाहिनीतला अडथळा प्रत्यक्ष बघायचा तर सीटी अँजिओ किंवा साधी अँजिओग्राफी. या सगळ्यांत आता एआय आलंय: इकोत ते पंपाचा टक्का (दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडतं) मोजतं, सीटीत कॅल्शियम मोजतं. पण ज्या तपासणीत उत्तरच नाही, तिच्यातून ते एआयलाही काढता येत नाही.

तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. "चालताना छाती भरते, थांबलं की दोन मिनिटांत उतरते." आता विचार करा, शांत झोपून काढलेली पट्टी याचं उत्तर देईल का? अशा माणसाची पट्टी अगदी स्वच्छ येऊ शकते.

टप्पा ३: एक पानाची माहिती तयार करा

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे आणि सगळे गाळतात. एका कागदावर लिहा: वय, स्त्री की पुरुष, त्रास कधी सुरू झाला, किती वेळ टिकतो, कशाने वाढतो, कशाने थांबतो. रक्तदाब, साखर. चालू गोळ्या पाकिटावरून बघून, पूर्ण नाव आणि मिलिग्रॅमसह. 'बीपीची पांढरी गोळी' चालणार नाही. किडनीचा त्रास असेल तर शेवटचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, कारण पोटॅशियम वाढलं की पट्टीतल्या टी लाटा टोकदार उंच होतात, आणि त्याचं कारण रक्तात असतं. पेसमेकर असेल तर ते सगळ्यात वर, ठळक.

आणि जुनी पट्टी. मला विचाराल तर घरातल्या सगळ्या कागदांत मोलाची वस्तू हीच. डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) दहा वर्षांपासून असेल तर डॉक्टर मान हलवून पुढे जातात. छातीत दुखत असताना तोच नव्याने दिसला तर धावपळ होते. दोन्ही वेळी पट्टीवरचं चित्र एकच असतं. फरक फक्त जुन्या कागदावरून कळतो, आणि तुम्ही तो दिला नाहीत तर एआयकडे तो नसतो.

टप्पा ४: पट्टी नीट काढून घ्या

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं पोट यावर आहे आणि बहुतेक गोंधळही इथेच होतो.

*त्वचा.* तेल, पावडर, घाम असेल तर सिग्नल थरथरतो. दिवाळीत अभ्यंगस्नान करून थेट ईसीजीला आलेल्यांची छाती आम्ही स्पिरिटने पुसतो तरी रेघ वरखाली डोलत राहते. साबणाने धुऊन या. छातीवर दाट केस असतील तर चकत्या (इलेक्ट्रोड) जिथे लागतात तिथले थोडे काढू द्या, संकोच नको.

*शरीर.* पाच मिनिटं पाठीवर शांत पडा. एसीत थंडी वाजत असेल तर सांगा. कापणाऱ्या स्नायूंची रेघ पट्टीत उतरते, आणि हात थरथरण्याचा आजार असलेल्यांमध्ये तीच थरथर मशीनला 'फ्लटर' (हृदयाची एक बिघडलेली लय) वाटू शकते. बोलू नका. खिशातला मोबाइल बाजूला ठेवा.

*हातापायांचे क्लॅम्प.* आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला काळा. अमेरिकी रंगसंगतीच्या वायरी असतील तर रंग बदलतात: तिथे लाल डाव्या पायाला जातो. सेंटरवर दोन तऱ्हेच्या वायरी असल्या की घोळ ठरलेला.

माझाच किस्सा सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घाईत एका आजोबांच्या दोन्ही हातांचे क्लॅम्प उलटे लावले. मशीनने वर छापलं, 'लॅटरल इन्फार्क्ट', म्हणजे हृदयाच्या बाजूच्या भागाला अटॅक. मुलगा रडवेला झाला, सुनेने चार जणांना फोन केले. वरिष्ठांनी पट्टीकडे एक नजर टाकली, क्लॅम्प बदलले, पुन्हा काढली. साफ. मशीनने त्याच्यापुढे जे आलं ते इमानदारीने वाचलं होतं, चूक माझी होती. आजचं एआय त्या मशीनपेक्षा कितीतरी हुशार आहे, आणि काही प्रणाली उलटलेली वायर ओळखतातही. सगळ्या ओळखतात असं समजू नका.

*छातीच्या चकत्या.* व्ही-१ आणि व्ही-२ या उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) उजव्या-डाव्या कडेला, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत. फटी मोजायच्या असतात, अंदाजाने ठोकायच्या नसतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे या दोन्ही चकत्या वर, दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लावणं. तेवढ्यानेच हृदयाच्या पुढच्या भागाला जुना अटॅक येऊन गेल्यासारखं चित्र तयार होतं. व्ही-४ पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली. व्ही-३ ही व्ही-२ आणि व्ही-४ च्या मध्ये. व्ही-५ आणि व्ही-६ व्ही-४ च्याच पातळीत काखेकडे. बायकांमध्ये चकती स्तनाच्या खाली लागली पाहिजे. संकोचापोटी वर लावली की पट्टी बिघडते. स्त्री टेक्निशियन मागण्यात काहीही गैर नाही, आधी फोन करून विचारा.

*मशीनची सेटिंग.* कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, उंची एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर. पट्टीच्या कडेला दोन मोठ्या चौकोनांइतका उंच चौकोनी 'दरवाजा' छापलेला असतो, ती उंचीची खूण. अर्ध्या उंचीवर काढलेली पट्टी पूर्ण समजून वाचली तर सगळ्या लाटा निम्म्याने ठेंगण्या दिसतात. शिवाय काही ठिकाणी रेघ देखणी यावी म्हणून फिल्टर घट्ट लावून ठेवतात. त्यात एसटीचा, म्हणजे मुख्य लाटेनंतरचा, भाग वरखाली सरकू शकतो, आणि अटॅकचा संशय असताना सगळे नेमकं तिथेच बघत असतात. मला जरा थरथरती पण खरी रेघ चालते.

*नाव, वय, लिंग.* घाईत आधीच्या पेशंटचंच वय राहून जातं. मशीनचं वाचन वय आणि लिंगावर अवलंबून असतं, म्हणून २५ वर्षांच्या पोराची पट्टी ७० वर्षांच्या बाईच्या नावावर गेली तर शेरा बदलू शकतो.

तपासा (टेबलावरून उठण्याआधी): लीड वनमध्ये मुख्य लाट वर आहे ना? एव्हीआर नावाच्या लीडमध्ये सगळं खाली आहे ना? व्ही-१ पासून व्ही-४ पर्यंत उंच लाट हळूहळू वाढतेय ना? यातलं एखादं उलट दिसलं तर "वायरी एकदा बघता का?" एवढंच म्हणा. चांगला टेक्निशियन रागावत नाही. वायरी बरोबर असूनही तसंच आलं तर तो डॉक्टरांचा विषय.

घड्याळाने काढणार असाल तर मनगट कोरडं, पट्टा घट्ट, दोन्ही हात टेबलावर टेकलेले, ३० सेकंद गप्प. सिंहगड चढून आल्या आल्या काढू नका. 'इन्कन्क्लूझिव्ह' आलं म्हणजे आजार आहे असं नाही आणि तब्येत ठणठणीत आहे असंही नाही. घड्याळाला वाचता आलं नाही, इतकंच.

टप्पा ५: फोटो आणि फाइल

शक्य असेल तर फोटो काढूच नका. सेंटरकडून पीडीएफ मागा. बऱ्याच मशीनमधून ती निघते, पण न मागता कुणी देत नाही.

फोटोच काढायचा तर पट्टी सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, मोबाइल बरोबर वर धरून. तिरका फोटो म्हणजे चौकोनांचे पतंग होतात आणि मापं बिघडतात. चारही कडा, उंचीची खूण, लीडची नावं, खालची लांब रेघ, सगळं आत हवं. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'फोटो' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर ते दाबून लहान करतं आणि बारीक चौकोन पुसट होतात.

काही दवाखान्यांत अजून एका रेघेचं जुनं मशीन असतं. तिथे पट्टीचे तुकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवतात. क्वचित एखादा उलटा चिकटतो, एखादा दुसऱ्याच्या जागी. डॉक्टरांच्या सवयीच्या नजरेला ते कळतं. एआयला असा पुठ्ठा देऊ नका, बारा लीडच्या मशीनवर नवी पट्टी काढा.

टप्पा ६: कोणतं एआय?

लोक सगळ्याला एकच नाव देतात, पण इथे तीन वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली म्हणजे मशीनमध्येच बसवलेलं वाचन, जे पट्टीच्या डोक्यावर छापून येतं. त्याखाली बहुतेकदा 'अनकन्फर्म्ड' लिहिलेलं असतं, म्हणजे डॉक्टरांनी अजून पाहिलेलं नाही. दुसरी, खास ईसीजीसाठी बनवलेल्या सेवा. बंगळुरूच्या ट्रायकॉगसारख्या सेवेत एआय आधी वाचतं आणि मागे बसलेले डॉक्टर तपासून रिपोर्ट देतात. तिसरी म्हणजे चॅटजीपीटी, जेमिनाय यांच्यासारखे सर्वसाधारण चॅटबॉट. रिपोर्टमधले शब्द सोप्या मराठीत समजावून घ्यायला ते फार चांगले. लाटा मोजण्यासाठी बनवलेले ते नाहीत, पण 'मला येत नाही' म्हणायला लाजतात.

पैसे मोजायच्या आधी दोन गोष्टी विचारा. हे सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरण म्हणून केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, म्हणजे सीडीएससीओकडे नोंदलेलं आहे का? आणि रिपोर्टवर नोंदणीकृत डॉक्टरचं नाव आणि सही असते का? २०२० च्या टेलिमेडिसिनच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की एआयने थेट पेशंटला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहायचं नाही. डॉक्टरांना मदत करणं, एवढीच परवानगी. एखादं ॲप स्वतःच गोळी सुचवायला लागलं तर ते तिथेच बंद करा.

सावधान: फोटो चढवण्याआधी नाव, मोबाइल नंबर, यूएचआयडी (हॉस्पिटलने दिलेला पेशंट) क्रमांक झाका. वय, लिंग, तारीख, वेळ ठेवा. मी उलटं बघतो: नाव ठळक आणि वय अंगठ्याखाली.

टप्पा ७: विचारायची रीत

"बाबांना अटॅक आलाय का बघ" असं विचारलंत की चॅटबॉट पट्टीत अटॅक शोधायला लागतो. "सगळं ठीक आहे ना?" म्हटलंत की धीर द्यायला लागतो. संशय आधी बोलून दाखवू नका. साधारण असं लिहा:

"ही १२ लीडची ईसीजी पट्टी आहे. ५८ वर्षांची स्त्री, १० वर्षांपासून मधुमेह. आधी सांग, हे चित्र वाचण्याइतकं स्पष्ट आहे का. वेग आणि उंचीची खूण दिसते का. मग ठोके, लय, पीआर, क्यूआरएस, क्यूटी लिही. जे दिसत नाही तिथे 'दिसत नाही' असं लिही. मग कोणत्या लीडमध्ये काय वेगळं आहे ते सांग. शक्यता शेवटी लिही, आणि प्रत्येकीपुढे तसंच चित्र दिसण्याची दुसरी कारणं दे."

पीआर, क्यूआरएस, क्यूटी ही पट्टीवरच्या लाटांची वेळेतली मापं. आता चॅटबॉटची परीक्षा घ्या. ठोके नियमित असतील तर दोन उंच लाटांमधले मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. चार चौकोन म्हणजे ७५ ठोके. अनियमित असतील तर खालच्या दहा सेकंदांच्या रेघेतल्या उंच लाटा मोजून सहाने गुणा. चॅटबॉटचा आकडा याच्या आसपास नसेल तर त्याचं पुढचं काहीही वाचू नका.

दुसरी परीक्षा मला एका पेशंटच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीमुळे सुचली. पट्टीच्या डोक्यावर मशीनने आकडे आणि शेरा छापलेला असतो. चॅटबॉट बऱ्याचदा लाटा बघतच नाही, तो छापील मजकूर वाचतो आणि आपल्या शब्दांत सांगतो. घरच्यांना वाटतं, मशीन आणि एआय दोघांचं एकमत झालं. प्रत्यक्षात मत एकाचंच, दुसऱ्याने नक्कल केलेली. म्हणून वरचा छापील भाग दुमडा, वय-लिंग हाताने लिहा, नवा फोटो काढा आणि नव्या चॅटमध्ये तोच प्रश्न विचारा. उत्तर बदललं तर काय ते समजा.

टप्पा ८: उत्तर कसं वाचायचं

*'नॉर्मल' आलं.* त्या दहा सेकंदांत, त्या बारा बाजूंनी, ओळखीचं काही वावगं दिसलं नाही. बस. अटॅकच्या सुरुवातीला पहिली पट्टी साफ असू शकते. म्हणूनच दुखणं चालू असेल तर हॉस्पिटलात १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा पुन्हा पट्टी काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) बघतात, तेही बहुधा काही तासांच्या अंतराने दोनदा. हृदयाच्या मागच्या बाजूचा अटॅक नेहमीच्या बारा लीडमध्ये नीट दिसतही नाही. त्यासाठी पाठीकडे जादा चकत्या लावतात. दुखणं आणि पट्टी यांचं भांडण लागलं तर दुखण्याचं ऐका.

*'ॲबनॉर्मल' आलं.* इथे थोडं गणित, आकडे केवळ हिशेबासाठी. समजा एखादं एआय आजारी माणसांपैकी ९० टक्के पकडतं आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर निरोगी म्हणतं. सोसायटीतल्या काहीही त्रास नसलेल्या १००० जणांची पट्टी काढली, त्यांत खरे आजारी १०. एआय त्यांतले ९ पकडेल. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही आजारी ठरवेल. म्हणजे १०८ जणांच्या हातात लाल रिपोर्ट, आणि खरे आजारी त्यांत ९. आता तेच एआय चालताना छाती भरणाऱ्या १००० लोकांवर लावा, जिथे समजा ४०० जण खरोखर आजारी आहेत. ३६० पकडले जातील, चुकून ६०. इथे लाल रिपोर्ट आला तर तो बहुधा खरा. यंत्र बदललं नाही, माणसं बदलली. हौसेखातर सगळ्या कुटुंबाच्या पट्ट्या ॲपमध्ये घालणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

नेहमी येणारे काही शब्द. 'नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस' म्हणजे थोडा फरक आहे, पण तो कशाचा हे पट्टीवरून सांगता येत नाही. 'पुअर आर वेव्ह प्रोग्रेशन' (छातीच्या लीडमध्ये उंच लाट नीट वाढत नाही) दिसलं की आधी चकत्यांची जागा आठवा. 'इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड' म्हणजे अटॅक होऊन गेल्यासारखी खूण, केव्हाची माहीत नाही. हे अनेकदा खोटं निघतं, पण ते खोटं आहे हे इकोने आणि डॉक्टरांनी ठरवायचं. 'ॲट्रिअल फिब्रिलेशन' (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) मात्र हलक्यात घेऊ नका. यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका असतो. जादा ठोके वारंवार पडत असले तरी घड्याळ कधी कधी हेच नाव देतं, म्हणून नुसत्या नोटिफिकेशनचा स्क्रीनशॉट पुरत नाही. ३० सेकंदांच्या रेघेची पीडीएफ डॉक्टरांकडे न्या.

काही प्रणाली आता पट्टीवरून 'पंप कमजोर असण्याची शक्यता' सांगतात. डोळ्यांना न दिसणारं ते पकडतात हे खरं आहे: मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमजोर पंप ओळखण्याचं प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास होतं. पण याचं पुढचं पाऊल औषध नाही, टू-डी इको. इकोत टक्का चांगला आला तर तो शेरा फाइलमध्ये ठेवा आणि पुन्हा इको केव्हा करायचा ते डॉक्टरांना विचारा.

सावधान: एआयच्या उत्तरावरून रक्त पातळ करणारी गोळी सुरू करू नका आणि चालू असलेली बंद करू नका. यातली दुसरी चूक मी जास्त पाहिली आहे.

टप्पा ९: डॉक्टरांच्या टेबलावर

आत गेल्या गेल्या मोबाइल पुढे करू नका. आधी त्रास सांगा, टप्पा ३ चा कागद द्या, मग नवी आणि जुनी पट्टी शेजारी शेजारी ठेवा. एआयचं उत्तर सगळ्यात शेवटी. आधी दाखवलंत तर पाचातली चार मिनिटं ॲप बरोबर की चूक यावरच जातात, आणि पर्वतीवर दोनदा थांबावं लागतं हे सांगायचं राहून जातं.

विचारायचे प्रश्न असे: "जुन्या पट्टीपेक्षा यात नवीन काय आहे? ॲपने म्हटलेलं हे खरं असेल तर कोणत्या तपासणीत कळेल? ती किती दिवसांत करायची? आणि तोवर काय झालं तर थांबायचं नाही?" चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या, घरी सगळ्यांना वाचून दाखवा.

पट्टी बघून फॅमिली डॉक्टर म्हणाले "काही नाही", आणि एआय म्हणतंय "आहे", तर भांडू नका. मूळ पीडीएफ घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. मोबाइलमधला चॅट नव्हे, मूळ पट्टी.

टप्पा १०: जपून ठेवणं

ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो. उन्हात, कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात तो वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो. ज्या दिवशी पट्टी काढली त्याच दिवशी स्कॅन करा, एक साधी झेरॉक्स काढा, झेरॉक्सवर तारीख आणि त्या वेळी काय त्रास होता ते पेनने लिहा. स्कॅन घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये हवा, एक त्यांपैकी पुण्यातच राहणारा. मुलगा अमेरिकेत आणि फाइल त्याच्या लॅपटॉपमध्ये, हे मध्यरात्री कामाचं नाही.

आणि पट्टी लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनच्या मशीनमधून बाहेर येईपर्यंत ती पूर्ण काळी झालेली असते. आमच्याकडे अशा तीन आल्यात.